दक्षिण आफ्रिकेचे दुखणे नेमणुकांत आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला दक्षिण आफ्रिकेच्या तीस वर्षांवरचा लेख वाचला. लेखकाचा अभ्यास दिसतो, पण मांडणी राजांच्या बखरीसारखी झाली आहे. अध्यक्षांपैकी मंडेला थोर, एम्बेकी हेकेखोर, झुमा भ्रष्ट, रामाफोसा हतबल. प्रशासन हा शब्द औषधालाही सापडत नाही. माझी हयात जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात गेली, त्यामुळे कुठल्याही देशाचा घोटाळा वाचताना मी आधी शोधतो की बिल पास कोणी केले आणि ज्याने हरकत घेतली त्याचे पुढे काय झाले. दक्षिण आफ्रिकेत या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर फार वाईट आहे. पत्र लांबेल, पण कात्री आपल्या हाती आहेच.

१९९४ मध्ये वर्णभेदी राजवट गेली तेव्हा नव्या सरकारच्या पदरात एकसंध कारभार पडला नव्हता. केंद्राचा एक, चार जुन्या प्रांतांचे चार आणि शिवाय दहा ‘बंटुस्तानां’चे, म्हणजे वर्णभेदी राजवटीने कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या काढलेल्या प्रदेशांचे, दहा. ट्रान्स्काय, बोफुथात्स्वाना, व्हेंडा आणि सिस्काय ही चार तर स्वतंत्र राष्ट्रे म्हणवली जात. त्यांची मंत्रिमंडळे, पोलीस, पगारपत्रके वेगळी, टपाल तिकिटेसुद्धा वेगळी. हा सगळा पसारा मोडून नऊ प्रांत उभे करायचे होते आणि वरच्या खुर्च्यांत जवळपास सगळे गोरे अधिकारी. त्यांना एका रात्रीत घरी पाठवले असते तर पेन्शनसुद्धा वाटता आली नसती. म्हणून वाटाघाटी चालू असतानाच, १९९२ मध्ये, कम्युनिस्ट नेते जो स्लोव्हो यांनी तोडगा काढला: काही वर्षे एकत्र सरकार चालवायचे आणि जुन्या नोकरदारांच्या नोकऱ्या व पेन्शनी शाबूत ठेवायच्या. कम्युनिस्टाने गोऱ्या बाबूंच्या पेन्शनीची काळजी वाहावी, हे त्यांच्याच लोकांना पचायला जड गेले. मंडेलांनी अर्थमंत्री डेरेक कीज यांना आणि रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर ख्रिस स्टाल्स यांना कायम ठेवले. स्टाल्स तर १९९९ पर्यंत होते. मंडेलांच्या मोठेपणावर लिहायचेच होते तर हे लिहायला हवे होते.

पुढे १९९६ ची राज्यघटना आली. तिच्या १९५ व्या कलमात प्रशासन कसे असावे हे तपशिलाने लिहिले आहे. १९७ वे कलम सांगते की केवळ एखाद्या पक्षाचा पाठीराखा म्हणून कोणा नोकराला झुकते माप द्यायचे नाही की त्याच्यावर अन्यायही करायचा नाही. १९९७ मध्ये ‘बाथो पेले’ म्हणजे ‘लोक आधी’ ही श्वेतपत्रिका निघाली: सौजन्य, माहिती, तक्रारनिवारण वगैरे आठ तत्त्वे. कागदावर खोट काढायला जागा नाही. मात्र त्याच वर्षीच्या डिसेंबरात माफिकेंगच्या अधिवेशनात सत्ताधारी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने ठरवले की सत्तेच्या सर्व मोक्याच्या जागी पक्षाचे कार्यकर्ते पाठवायचे आणि त्यासाठी समित्या नेमायच्या. याला तिथे ‘केडर डिप्लॉयमेंट’ म्हणतात. घटना एक सांगते, पक्ष दुसरे, आणि बढती पक्षाच्या समितीतून येते. अशा वेळी अधिकारी कोणाचे ऐकेल?

सुरुवातीला त्यामागे कारण होते, हेही मान्य करतो. ज्या नोकरशाहीने वर्णभेद राबवला, तिच्याच भरवशावर नवे धोरण सोडणे धोक्याचे होते. माझा आक्षेप पुढच्या पंचवीस वर्षांना आहे. तात्पुरती सोय कायमची झाली. रामाफोसा पक्षाचे उपाध्यक्ष असताना हीच समिती त्यांच्या अध्यक्षतेखाली चालत होती आणि झुमांच्या काळातल्या भ्रष्टाचाराची चौकशी करणाऱ्या झोंडो आयोगापुढे त्यांनी तिचे समर्थनही केले. आयोगाने २०२२ मध्ये ही पद्धत घटनाबाह्य ठरवली.

नेमणुकीने काय होते ते महसूल सेवेत स्वच्छ दिसते. १९९९ पासून दहा वर्षे प्रवीण गोर्धन तिचे आयुक्त होते आणि आफ्रिकेतल्या उत्तम करखात्यांत ती गणली जाऊ लागली. २०१४ मध्ये झुमांनी तिथे टॉम मोयाने यांना बसवले. बेन अँड कंपनी या सल्लागारांना सुमारे १६ कोटी ४० लाख रँड मोजून ‘पुनर्रचना’ झाली. मोठ्या कंपन्यांचे कर पाहणारे स्वतंत्र केंद्र मोडले, अनुभवी लोक बाहेर पडले किंवा अडगळीत गेले. करवसुलीत खड्डा पडला आणि १ एप्रिल २०१८ पासून व्हॅट १४ चा १५ टक्के झाला, म्हणजे किराणा घेणाऱ्यानेही भरपाई केली. न्यायमूर्ती न्यूजंट यांच्या चौकशीनंतर मोयाने गेले आणि २०१९ मध्ये एडवर्ड कीस्वेटर आल्यावर गाडी हळूहळू रुळावर आली. खाते तेच, कायदे तेच होते.

आता एकाच खात्यातल्या दोन घटना. खाते गौतेंग प्रांताचे, म्हणजे जोहान्सबर्ग-प्रिटोरियाचे, आरोग्य खाते.

२०१६ मध्ये या खात्याने खर्च वाचवायचा म्हणून लाइफ एसिडिमेनी या खासगी संस्थेशी असलेला करार मोडला आणि तिथल्या हजारांहून जास्त मनोरुग्णांना हलवले, त्यातल्या बहुतेकांना लहानसहान स्वयंसेवी संस्थांकडे. त्या सत्तावीसच्या सत्तावीस संस्थांचे परवाने वैध नव्हते, असे आरोग्य लोकपालांनी नंतर नोंदवले. काहींना छोट्या मालवाहू गाड्यांतून नेले, कित्येक नातेवाइकांना माणूस कुठे ठेवला याचा पत्ता नव्हता. भूक, थंडी, आबाळ. त्या सप्टेंबरात प्रांताच्या आरोग्यमंत्री केदानी माहलांगू यांनी विधिमंडळात ३६ मृत्यू सांगितले. लोकपालांनी ९४ हून अधिक मोजले. अखेर आकडा १४४ वर गेला. डॉक्टरांनी, नातेवाइकांनी आधीच धोक्याची सूचना दिली होती. तरी फायली पुढे सरकल्या, कारण आदेश वरून होता आणि सही करणारे घाबरत होते. निवृत्त उपसरन्यायाधीश मोसेनेके यांच्यापुढच्या सुनावणीत त्या खुर्च्यांवरच्या माणसांना नातेवाइकांच्या तोंडावर उत्तरे द्यावी लागली. असला प्रसंग आपल्याकडच्या एखाद्या खात्यावर आल्याचे मला तरी आठवत नाही.

दुसरी घटना पाच वर्षांनंतरची. याच खात्यात बबिता देवकरण वित्त विभागाच्या प्रभारी मुख्य संचालक होत्या. टेम्बिसा रुग्णालयाची बिले त्यांच्या नजरेला खटकली. कोणतेही काम निविदेला काढावे लागू नये म्हणून खरेदीचे तुकडे पाडलेले, प्रत्येक तुकडा पाच लाख रँडच्या आतला. आपल्याकडे बांधकामात किंवा औषध खरेदीत काम केलेल्या कोणालाही ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही. फरक मालाचा: त्या रुग्णालयाच्या खरेदीत चामडी आरामखुर्च्या आणि मुलींच्या घट्ट जीन्स निघाल्या! देवकरणबाईंनी सुमारे ८५ कोटी रँडचे व्यवहार संशयास्पद ठरवून देयके थांबवा, चौकशी करा, असे वरिष्ठांना कळवले. आपल्या जिवाला धोका होऊ शकतो, हे त्यांना ठाऊक होते. २३ ऑगस्ट २०२१ च्या सकाळी मुलीला शाळेत सोडून परतताना घराच्या दारात त्यांच्या गाडीवर गोळ्या झाडल्या गेल्या. दोन वर्षांनी सहा जणांनी गुन्हा कबूल केला, त्यांना शिक्षा झाली. सुपारी देणारा त्या खटल्यात आरोपीच्या पिंजऱ्यात नव्हता. विशेष तपास यंत्रणेने २०२५ मध्ये टेम्बिसातल्या लुटीचा अंदाज दोन अब्ज रँडच्याही पुढे नेला.

झुमांशी लागेबांधे असलेले उद्योगपती गुप्ता बंधू सहारनपूरचे, हे आपण चवीने वाचले. आपल्या पुरवणीतल्या लेखातही त्यांना दोन परिच्छेद मिळाले. देवकरणबाईही भारतीय वंशाच्या, त्यांचा उल्लेख नाही. मला हे खटकले, वाचकांनाही खटकायला हवे.

तिथले सगळेच पोखरले आहे असे मात्र मी म्हणणार नाही. सरकारी कारभाराविरुद्धच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या पब्लिक प्रोटेक्टर थुली माडोन्सेला यांनी न्कान्डला येथील झुमांच्या खासगी घरावरच्या सरकारी खर्चाचा अहवाल दिला, तो अध्यक्षांनी आणि संसदेने झटकून टाकला. ३१ मार्च २०१६ रोजी तिथल्या घटना न्यायालयाने दोघांनीही घटनेचा भंग केल्याचा निकाल दिला आणि झुमांनी ७८ लाख रँड भरले. महालेखापरीक्षकांना २०१८ च्या दुरुस्तीने दात मिळाले. आक्षेप लिहून अनुपालनाची वाट पाहत बसण्याऐवजी आता ते शेवटी जबाबदार अधिकाऱ्यावर वसुली लावू शकतात. हे वाचून मला हेवा वाटला. तरी २५७ नगरपालिकांपैकी २०२२-२३ मध्ये निर्दोष लेखा अहवाल फक्त ३४ जणींना मिळाला, त्यातही निम्म्याहून अधिक एकट्या वेस्टर्न केपमधल्या. दात आहेत, पण चावे अजून मोजकेच.

मे २०२४ च्या निवडणुकीत सत्ताधारी पक्ष सुमारे ४० टक्क्यांवर आला आणि आघाडी सरकार बनले. लेखकाने या राजकारणावर बराच मजकूर खर्च केला आहे. पण त्याआधी, त्याच वर्षी, नॅशनल असेंब्लीने, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने, एक रूक्ष विधेयक मंजूर केले होते. १९९४ च्या लोकसेवा कायद्याने कर्मचारी नेमण्याचे अधिकार मंत्र्यांकडे ठेवले होते, ते खात्याच्या प्रशासकीय प्रमुखाकडे द्यायचे, असा त्याचा गाभा. कोणत्या पक्षाला किती मंत्रिपदे मिळाली यापेक्षा हा बदल मला मोठा वाटतो, कारण खाती वाटून घेतलेल्या आघाडीत प्रत्येक पक्षाला आपापली माणसे बसवण्याचा मोह होणारच.

तेव्हा लेखकमहाशयांना विनंती, की दुसरा भाग लिहिणार असाल तर या विधेयकाचा पाठपुरावा करा. आघाडीतल्या मंत्र्यांनी नेमणुकांचा अधिकार खरोखर सोडला का, आणि टेम्बिसाच्या बिलांवर ज्यांच्या सह्या होत्या ते आज कोणत्या पदावर आहेत, हे आम्हाला वाचायचे आहे.

आपला,
एक निवृत्त लेखाधिकारी, सातारा