सुहास, कटरवाल्याला थांबव

हॅमिल्टन, ओहायो
२ नोव्हेंबर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप आणि आबांच्या तिजोरीचे फोटो मिळाले. फोनवर बोलता आलं असतं, पण हे तुला सावकाश वाचता यावं आणि काकांनाही दाखवता यावं म्हणून लिहूनच पाठवतोय.

आबा गेले, तिजोरीचा नंबर कुणालाच माहीत नाही, म्हणून ती कापायला रविवारी गॅस कटरवाला येणार आहे म्हणालास. त्याला आजच फोन करून नको म्हणून सांग. बाकीचं पत्र नंतर वाचलंस तरी चालेल.

कारण सांगतो. आत सोनंनाणं असेल की नाही कोण जाणे, पण आडतीच्या दुकानातली तिजोरी म्हणजे कागद हे नक्की. खतावण्या, हुंड्या, जागेची खरेदीखतं. जुन्या तिजोरीच्या दोन पत्र्यांच्या मध्ये प्लास्टर, तुरटी, सिमेंट असला मसाला भरलेला असतो. बाहेर आग लागली की मसाल्यात धरून ठेवलेल्या पाण्याची वाफ होते आणि आतली हवा बराच वेळ कागद जळण्याइतकी तापत नाही. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत स्फोट होऊन आग पसरली, तेव्हा गोदरेजच्या तिजोऱ्यांतली कागदपत्रं याच भरणीमुळे वाचली होती. पण ही सगळी व्यवस्था बाहेरच्या आगीसाठी. कटरची ज्योत तीन हजार अंशांच्या आसपास जाते, ती पत्रा भेदून थेट आत शिरते आणि वितळलेल्या लोखंडाच्या ठिणग्या कागदावर पडतात. शिवाय जुन्या भरणीत ॲस्बेस्टॉस असू शकतं. कापताना त्याची धूळ उडेल, ती तुझ्या आणि त्या कटरवाल्या पोराच्या छातीत जाईल.

आणखी एक गोष्ट ऐकून मीही चकित झालो होतो. १९२०-३० च्या सुमारास इथे अमेरिकेत चोरांना अडवायला काही तिजोऱ्यांच्या दाराला आतल्या बाजूने क्लोरोपिक्रिनच्या काचेच्या कुप्या बसवत. पहिल्या महायुद्धात वापरलेला हा विषारी वायू. दार फोडायला गेलं की कुपी फुटायची. अशा कुप्या अजूनही जुन्या दारांमागे सापडतात. आबांची तिजोरी कुठल्या बनावटीची ते फोटोवरून कळत नाही, नाव रंगाखाली गेलंय. रात्री दिवे घालवून दारावर टॉर्च अगदी तिरका धर, उठावाची अक्षरं दिसली तर फोटो काढ. आपल्याकडे आडत्यांच्या तिजोऱ्या बहुतेक किल्लीच्या. आबांची डायलची आहे, त्यामुळे ती बाहेरून आलेली असण्याचीही शक्यता आहे.

मी राहतो ते हॅमिल्टन तिजोऱ्यांचंच गाव आहे. मॉसलर कंपनीचा कारखाना इथे होता. हिरोशिमात १९४५ ला बाँब पडला, तेव्हा तेइकोकू बँकेतल्या तिथल्या मॉसलर तिजोऱ्या आतल्या ऐवजासकट शाबूत राहिल्या, हे इथली म्हातारी माणसं आजही अभिमानाने सांगतात. कंपनी २००१ मध्ये बुडाली. त्यातल्याच एका निवृत्त कारागिराशेजारी बसून मी तिजोरी उघडताना पाहिली. बंद पडलेल्या एका हार्डवेअरच्या दुकानातली होती, तुमच्यासारखीच, नंबर माहीत असलेला माणूस गेलेला. त्यांनी तिला हातोडीचा एक ठोकाही मारला नाही. मला तेव्हापासून असं वाटतं की कुणीतरी इतक्या निगुतीने घडवलेली वस्तू उघडायची तर तिच्याच रीतीने उघडावी. तुला मी हे सगळं लिहितोय ते मुख्यतः त्यासाठी.

आत काय असतं ते समजून घे, म्हणजे धीर येईल. डायलमागून एक दांडा आत जातो. त्याच्यावर एक चकती पक्की बसवलेली असते, तिला कॅम म्हणतात. बाकीच्या चकत्या, बहुधा तीन, दांड्याभोवती मोकळ्या फिरतात. प्रत्येकीच्या कडेला एक खाच आणि अंगावर एक खुंटी. एक चकती पुरती फिरली की तिची खुंटी शेजारच्या चकतीच्या खुंटीला अडते आणि तिला सोबत ओढून नेते. म्हणून तर चार वेळा एकीकडे, तीन वेळा दुसरीकडे, दोनदा परत असा फिरवण्याचा क्रम असतो. तिन्ही खाचा एका ओळीत आल्या की वरची आडवी पट्टी त्यांत उतरते आणि कडी सुटते.

आता गंमत बघ. ही पट्टी चकत्यांच्या कडांवर टेकते, आणि कितीही काळजीने घडवलेल्या असल्या तरी चकत्या तंतोतंत सारख्या नसतात. ही पट्टी ज्या लिव्हरला जोडलेली असते, त्याचं नाक कॅमच्या खाचेत उतरतं तिथे डायल हलवताना डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशी हलकी अडण बोटांना जाणवते. चकत्या दोन-तीन आकडे सरकवायच्या, पुन्हा या दोन अडणींमधलं अंतर बघायचं, आणि चौकटीच्या कागदावर ठिपका मांडायचा. ज्या आकड्याजवळ अंतर कमी होतं तिथे एखाद्या चकतीची खाच पट्टीखाली आलेली असते. ही पद्धत हॅरी मिलर नावाच्या माणसाने १९४० च्या दशकात शिस्तीत बसवली. आमच्या त्या निवृत्त कारागीर काकांनी पंखा बंद केला, फोन बाहेर ठेवायला लावले आणि कागदावर आलेख काढत बसले. सिनेमात दाखवतात तसा स्टेथोस्कोप नव्हता, सगळं बोटांच्या टोकांवर. आलेखात एके ठिकाणी रेष खाली उतरली तेव्हा त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली आणि तिथे खूण करायला सांगितली. एक आकडा मिळाला की पुढचे सोपे होत जातात.

आकड्यांचं गणितही तुला घाबरवतंय तितकं भयंकर नाही. शंभर आकडे आणि तीन चकत्या म्हणजे दहा लाख जोड्या होतात खऱ्या, पण खाचेला रुंदी असते, त्यामुळे जवळचा आकडाही चालून जातो. लॉस अलामॉसला अणुबाँबचं काम चालू असताना भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमनने तिथल्या कपाटांची कुलपं तपासली आणि पाचापाचाच्या टप्प्याने गेलं तरी चालतं हे शोधलं. वीस गुणिले वीस गुणिले वीस, आठ हजार. तिथल्याच एका शास्त्रज्ञाने नंबर ठेवला होता २७-१८-२८, गणितातल्या 'ई' या संख्येचे आकडे. फाइनमनने तो ओळखला, कारण माणूस आपल्या मनातलाच आकडा लावतो.

म्हणून मिस्त्री शोधण्याआधी आबांना शोध. टेबलाच्या खणांच्या खालची बाजू, गणपतीच्या तसबिरीची मागची बाजू, जुन्या रोजमेळाचं शेवटचं पान, जुन्या डायऱ्या. काकांना विचार की दुकानाचा पहिला फोन नंबर काय होता, आबांच्या ट्रकचा नंबर काय होता, पेढी सुरू झाली ती तारीख कुठली. आत्याला जरूर विचार. लहानपणी ती आबांच्या मांडीवर बसून हिशेब बघायची असं तूच सांगायचास. आणि सगळ्यांत सोपे आकडेही लावून बघायला लाजू नकोस. कॅनडात व्हर्मिलियन गावच्या संग्रहालयात एका जुन्या हॉटेलची तिजोरी कित्येक वर्षं बंद पडून होती. २०१९ मध्ये एक पाहुणा कुटुंबासोबत बघायला आला, डायलवर ० ते ६० आकडे पाहून त्याने २०-४०-६० लावलं आणि दार उघडलं! आत निघाली जुनी पगाराची नोंद आणि हॉटेलच्या ऑर्डरच्या वहीची पानं.

आणखी एक तपास आजच कर. दिवसभर दुकान चालू असताना बरेच जण शेवटचा आकडा फक्त थोडासा हलवून ठेवायचे, म्हणजे परत उघडायला वेळ लागू नये. आबांनी शेवटी तसंच ठेवलं असेल, आणि नंतर कुणी डायल फिरवली नसेल तर काम सोपं आहे. तेव्हा आता कुणालाही, विशेषतः पोरांना, डायलला हात लावू देऊ नकोस. ती सध्या कुठल्या आकड्यावर आहे ते लिहून ठेव. मग मूठ दाबून धरून डायल दोन्ही बाजूंना थोडी थोडी हलवून बघ. ठोकू मात्र नकोस, कारण काही दारांत धक्का बसला की आपोआप पडणारी दुसरी कडी असते. ती पडली की खरा नंबर लावूनही दार उघडत नाही. डायलच्या फटीतून तेलही ओतू नकोस.

मला खरी काळजी पुराची आहे. २०१९ ला सांगलीच्या गणपती पेठेत पाणी आलं तेव्हा तिजोरी खालीच होती ना? डायलच्या वर पाणी गेलं असेल तर चकत्या गंजल्या असतील आणि बोटांनी काही कळणार नाही. मग चांगला तिजोरी-मिस्त्री बघून नेमक्या जागी एक बारीक भोक पाडून घे. त्यातून बारीक कॅमेरा घालून खाचा बघता येतात आणि चकत्या जुळवता येतात, नंतर भोक बुजवलं की तिजोरी परत वापरात. आतले कागद ओले किंवा चिकटलेले निघाले तर पानं ओढून सोडवू नकोस आणि उन्हात तर अजिबात टाकू नकोस. गठ्ठा जसा आहे तसा सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात ठेव. पुण्याला भांडारकर संस्थेत जुन्या हस्तलिखितांच्या जतनाचं काम चालतं, तिथे कुणाला तरी विचारता येईल.

दार उघडायच्या दिवशी काका, आत्या आणि दोघे चुलत भाऊ समोर असू देत, आणि व्हिडिओ काढ. वाटणीचा विषय तुमच्याकडे नुकताच शांत झालाय, परत कुणाच्या मनात किंतू राहायला नको. दार उघडल्यावर लगेच बंद करू नकोस. दार उघडं ठेवूनच कड्या बाहेर काढून नंबर पुन्हा पुन्हा लावून बघ, आणि मगच लोट.

मला एवढं पाठव: डायलचा सरळ समोरून फोटो, शेवटचा आकडा कुठला ते, मूठ आणि बिजागऱ्या, आणि पुराची खूण तिजोरीवर कुठवर आहे ते. आमच्या त्या काकांना मी दाखवतो. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत, पण तिजोरीचा फोटो म्हटलं की चष्मा शोधायला लागतात. तुझ्या शनिवारी रात्री नऊला, म्हणजे आमच्याकडे सकाळी, मी फोन करीन, तेव्हा डायलसमोर बसून राहा.

वहिनींना आणि काकूंना नमस्कार, छोटीला आशीर्वाद.

तुझा,
मिलिंद