गिरणी ओघात गेली नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतील, गिरगावातल्या हरवलेल्या दुकानांवरचा लेख वाचला. गिरगावावर लिहायचे तर पहिला भारतीय बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिक चित्रपटगृहात लागला, हे सांगावेच लागते. ते सांगून झाले. वाण्याच्या कागदी पुडीचा आणि बरणीतल्या लिमलेटच्या गोळ्यांचाही यथासांग उल्लेख झाला. माझी तक्रार त्याबद्दल नाही. ही दुकाने 'काळाच्या ओघात वाहून गेली', असे लेखकमहाशयांनी जे तीनदा लिहिले आहे, त्याबद्दल आहे.

आमच्या चाळीच्या तळमजल्यावरची पिठाची गिरणी कोणत्या ओघात गेली, ते मला चांगले ठाऊक आहे. मेट्रो-३ च्या स्थानकासाठी जगन्नाथ शंकरशेट मार्गावरच्या इमारती पाडल्या हे खरे, पण आमची चाळ त्यांत नव्हती. आमची गिरणी भाडेकरूंच्या सभेत, हात वर करून गेली. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतीच्या पुनर्विकासात राहत्या भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट मिळतात आणि दुकानदाराला त्याच्या मूळ जागेइतकी जागा; तेव्हा गिरणीवाल्यांचा गाळा त्यांच्या हक्काचाच होता. परंतु लिफ्ट असलेल्या इमारतीला पट्ट्याची धडधड आणि पिठाचा धुरळा शोभणार नाही, असे दीडशे फुटांच्या खोलीत जन्म काढलेल्या आम्हां मंडळींना त्या संध्याकाळी एकाएकी वाटू लागले आणि गाळ्यात गिरणी चालवता येणार नाही, असा ठराव झाला. गिरणीवाले पैसे घेऊन गावी गेले. हात वर करणाऱ्यांत प्रस्तुत पत्रलेखकही होता. हे आपण अवश्य छापावे.

त्या गिरणीवाल्यांना प्रत्येक घरचा डबा झाकणावरून ओळखू येत असे. चकलीची भाजणी ते गव्हावर, म्हणजे गहू दळून झाल्यावर लगेच, कधीच टाकत नसत. आधी कोणाचे तरी तांदूळ दळून होईपर्यंत डबा बाजूला ठेवीत आणि आईने कितीही घाई केली तरी 'वहिनी, चकली तुमचीच बिघडेल' एवढेच म्हणत. दगडांना टाकी लावली, म्हणजे छिन्नीने खाचा पाडल्या, की पिठात कचकच येते, म्हणून पहिले दळण ते गिऱ्हाइकाचे घेत नसत, स्वतःच्या घरचे गहू घालत. आता मी दिवाळीपूर्वी भाजणीचा डबा घेऊन टॅक्सीने दोन वेळा हिंडलो. एका ठिकाणी 'पाच किलोंच्या खाली घेत नाही' असे उत्तर मिळाले, तर दुसऱ्या ठिकाणी माझी भाजणी माझ्यादेखत कोणाच्या तरी गव्हावर टाकली गेली. चकल्या मऊ पडल्या. सुनेने घरघंटी, म्हणजे घरगुती पिठाची गिरणी, घेण्याचे सुचवले आहे. घरघंटीच्या आवाजाबद्दल शेजारी सोसायटीत अर्ज देणार, हे मी आजच सांगून ठेवतो.

जाता जाता आणखी एक. लेखासोबत 'गिरगावातील जुने किराणा दुकान' म्हणून जे छायाचित्र छापले आहे, त्यातील पाटीवर भिंगाशिवायही 'सदाशिव पेठ, पुणे' असे वाचता येते. पुरवणी छापण्यापूर्वी ती कोणी वाचत असल्यास त्यांनी याची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक जुना भाडेकरू (हल्ली सभासद), गिरगाव