डबीच्या तळावरचे नाव

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरोघरी जपलेल्या जुन्या वस्तूंविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. त्यात एका वाचकाच्या घरातील काळ्या, चकचकीत रशियन डबीचे छायाचित्र होते. त्याखाली ‘रशियन लाकडी डबी’ असे छापले होते आणि अशा वस्तू स्पिरिटच्या बोळ्याने पुसल्यास पूर्ववत लखलखतात, असा सल्लाही लेखात दिला होता. डबी लाकडी नसते, ती कागदाची असते. सल्ला मात्र चुकीचा तर आहेच, शिवाय घातकही आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझे वडील सोलापुरातील एका कापड गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते. 1976 साली कामगारांच्या एका शिष्टमंडळाबरोबर ते सोव्हिएत संघात गेले आणि येताना आईसाठी अशीच एक डबी घेऊन आले. झाकणावर राजपुत्र इवान करड्या लांडग्याच्या पाठीवर बसून निघाला आहे आणि वर कोपऱ्यात अग्निपक्षी पिसारा फुलवून उडतो आहे. राजाच्या बागेतील सोन्याची सफरचंदे रोज रात्री चोरीला जातात, धाकटा राजपुत्र पहाऱ्यावर जागा राहतो आणि त्याच्या हाती चोराचे फक्त एक जळते पीस लागते, ही गोष्ट वडिलांनी आम्हा भावंडांना झाकणावर बोट ठेवून सांगितली होती. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या आवराआवरीत मी ती डबी स्पिरिटने पुसली. वरचे रोगण चिकट झाले आणि लांडग्याच्या शेपटीवरच्या केसाएवढ्या बारीक सोनेरी रेघा कापसाबरोबर निघून आल्या. ते नुकसान भरून येण्यासारखे नाही. दुसऱ्या कोणाच्या घरी तसे होऊ नये, असे मला मनापासून वाटते.

ही डबी कशी बनते हे कळले, तर ती कशी जपायची हे वेगळे सांगावे लागत नाही. पुठ्ठ्याचे थर पिठाच्या खळीने एकावर एक चिकटवून ते साच्यात दाबतात, वाळवतात, गरम जवसाच्या तेलात मुरवतात आणि पुन्हा भट्टीत सावकाश तापवून कडक करतात. खळ आणि जवस हे दोन्ही शब्द सोलापूरकराला, एक मागावरून आणि दुसरा जेवणाच्या ताटातून, ओळखीचे आहेत. या कामाला कित्येक आठवडे लागतात आणि शेवटी तो पुठ्ठा लाकडासारखा कापता-तासता येतो. मग बाहेरून काळे आणि आतून लाल रोगण चढते. पालेख गावच्या पद्धतीत रंग अंड्याच्या बलकात कालवलेले असतात. सोन्याचा वर्ख डिंकात खलून त्याच्या रेघा ओढतात आणि त्या रेघांना झळाळी यावी म्हणून लांडग्याच्या दाताने घोटतात. आमच्या डबीवरचा लांडगा बहुधा लांडग्याच्याच दाताने उजळला असेल, हे मला फार उशिरा कळले. त्यावर पारदर्शक रोगणाचे अनेक हात देऊन, घासून पृष्ठभाग आरशासारखा करतात. स्पिरिट नेमके याच थराला धरते.

रशियात अशा डब्यांची चार गावे प्रसिद्ध आहेत : फेदोस्किनो, पालेख, म्स्त्योरा आणि खोलुय. फेदोस्किनोचे काम 1795 पासूनचे असून तेथे तैलरंग वापरतात. बाकीची तीन गावे मूळची देवाच्या तसबिरी रंगवणाऱ्यांची. 1917 च्या क्रांतीनंतर तसबिरींना गिऱ्हाईक उरले नाही आणि पिढ्यान्‌पिढ्या हेच काम केलेल्या हातांवर उपासमारीची वेळ आली. तेव्हा पालेखचे चित्रकार इवान गोलिकोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच अंड्याच्या बलकाची रीत आणि तोच सोन्याचा वर्ख कागदी डब्यांवर आणला. 1924 च्या डिसेंबरात पालेखमध्ये सात चित्रकारांनी त्यासाठी आपली सहकारी मंडळी स्थापन केली. गिरण्या बंद पडताना पाहिलेल्या आपल्या सोलापूरला या प्रसंगाचे मोल सांगायला नको. आपल्याकडे सावंतवाडीच्या गंजिफाही (हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते) अशाच मोडकळीला आल्या होत्या आणि तेथील राजघराण्याने आधार दिल्यामुळे तगल्या.

पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट डबीच्या चित्रात नाही. जुन्या तसबिरीवर सहसा चित्रकाराचे नाव नसे. पालेखच्या कारखान्यांत चेहरे रंगवणारा वेगळा आणि वस्त्रे, डोंगर, घरे रंगवणारा वेगळा असे, त्यामुळे एकाचे म्हणून ते काम राहतच नसे. डबीवर मात्र गावाचे नाव, चित्रकाराचे नाव आणि बहुधा सालही सोनेरी अक्षरांत लिहिलेले असते. आमच्या डबीच्या तळाशी ‘पालेख’, चित्रकाराचे आडनाव आणि 1974 असे आहे. रशियन लिपी वाचता येणाऱ्या एका गृहस्थांनी ते वाचून दाखवले, तोपर्यंत सुमारे तीस वर्षे आम्ही ती डबी केवळ ‘वडिलांनी आणलेली’ म्हणून ओळखत होतो. आपल्या छायाचित्रात फक्त झाकण आहे. ज्या माणसाने ते रंगवले त्याचे नाव त्याच डबीवर लिहिलेले असण्याची दाट शक्यता असताना ते छापले गेले नाही, याचे मला वाईट वाटले. सोलापूरच्या पूर्व भागातील विणकर जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, देवादिकांची आणि थोरामोठ्यांची चित्रे विणतात. ती भिंतीवर टांगली जातात, पण विणणाऱ्याचे नाव त्यांवर शोधूनही सापडत नाही, हे आठवून अधिकच वाईट वाटले.

माझी विनंती एवढीच आहे की, स्पिरिटच्या सल्ल्याची दुरुस्ती आपण ठळकपणे छापावी. अशी डबी कोरड्या, मऊ सुती कापडाने हलकेच पुसणे पुरेसे असते. एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात तिला खिडकीशी किंवा पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नये. बाजारात छापील चित्र चिकटवून वर रोगण दिलेल्या नकलाही मिळतात, त्यामुळे भिंगातून पाहावे : छपाईचे ठिपके दिसले तर ती नक्कल, कुंचल्याच्या रेघा दिसल्या तर हातचे काम. आणि ज्या वाचकांच्या घरातील डबीचे छायाचित्र आपण छापले, त्यांना डबी उलटी करून तळ पाहायला सांगावे. तेथे नाव असेल, तर पुढच्या रविवारी ते छापावे. रशियन अक्षरे लावण्यास मदत हवी असल्यास, ज्या गृहस्थांनी आमची डबी वाचली त्यांच्याकडे मी स्वतः घेऊन जाईन.

आपली नियमित वाचक,
अशोक चौक, सोलापूर