डिचोलीच्या बाईंना

सप्रेम नमस्कार बाई,

हे पत्र घरी आणून देता आलं असतं, पण चार लोकांनीही वाचावं म्हणून असं जाहीर लिहितेय. तुम्हाला आवडणार नाही, ठाऊक आहे.

पाहुण्यांच्या तक्रारींना इंग्रजीतली उत्तरं यापुढे मीच लिहायची, असं काल हॉटेलात मॅनेजरनी सांगितलं. आईला वाटलं पगार वाढला. तो काही वाढलेला नाही! पण मला मात्र भरून आलं, आणि पहिली आठवण तुमची झाली.

तुमच्याकडे इंग्रजी शिकायला येण्याआधी एका क्लासची भरमसाट फी आगाऊ भरून बसले होते. भिंतीवर बारा काळांचा तक्ता, तो घोकायचा. 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स' असं कुणी म्हटलं की अख्खा वर्ग हसायचा, सरांसकट. का चुकलं, ते सांगायची तसदी कुणी घेतली नाही. त्यात मराठी शाळेतून आलेली म्हटलं की विचारायलाच नको.

मी इंग्रजीत लिहिलेला कागद समोर ठेवला, तर तुम्ही लाल पेन काढलंच नाहीत. पेन्सिलीने वेळ सांगणाऱ्या शब्दाखाली तेवढी बारीक रेघ ओढलीत, क्रियापदाला हातही न लावता कागद परत दिलात, आणि चहाचा कप घेऊन खिडकीबाहेर बघत बसलात. मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून, हे कळत होतं. 'टू डेज अगो'खाली रेघ होती. बघता बघता माझं मलाच उमगलं, की 'हॅव रिसीव्ह्ड' इथे चालायचं नाही, नुसतं 'रिसीव्ह्ड' हवं. एवढी सवड मला आजवर कुणी दिली नव्हती.

मग उदाहरणं दिलीत तीही आपल्या गोव्याचीच. पोर्तुगीजांनी साडेचारशे वर्षं राज्य केलं, तिथे 'रूल्ड', कारण ते 1961 साली संपलं. गोवा 1987 पासून घटक राज्य आहे, तिथे 'हॅज बीन', कारण ते आजही आहे. 'फॉर' दिसला की 'हॅव' ठोका, हा क्लासातला मंत्र त्या संध्याकाळी निकालात निघाला. 'फॉर' 'रूल्ड'बरोबरही चालतो आणि 'हॅज बीन'बरोबरही. गोष्ट संपली की अजून चालू आहे, तेवढं बघायचं. मराठीत 'पासून' म्हटल्यावर आपण सरळ 'आहे' म्हणतो, म्हणून आपली मुलं इथे अडखळतात, त्यात लाजायचं काय, असंही म्हणालात.

पैशांचा विषय काढला तर रागावलात. शिकलेली माणसं पुष्कळ भेटतात बाई, पण समोरच्याचा पाणउतारा न करता शिकवणारी विरळाच. आणि अशांचं नाव कुठल्या फलकावर नसतं, जाहिरातीत तर नसतंच.

चवथीला घरी यायचंच. आई नेवऱ्या करणार आहे. धाकट्या भावाची इंग्रजीची वहीही तुमच्यासमोर येईल, तेव्हा चष्मा विसरू नका.

तुमची,
वरच्या वाड्यावरची