गजा, फोटो झूम करून बघ

क्राइस्टचर्च, २८ ऑगस्ट २०१९

प्रिय गजा,

मार्चमध्ये इथल्या मशिदींमधल्या गोळीबाराची बातमी बघून तू लगेच फोन केलास आणि मी "नंतर बोलतो" म्हणून ठेवला तो ठेवलाच. शिव्या आधी देऊन घे, मग पुढे वाच. तब्येती ठीक, माझी शुगर काठावर, वैशूचा गुडघा होता तसाच.

व्हॉट्सअपवर फोटो पाठवलेत. नुसता अंगठा टाकून मोकळा होऊ नकोस, ते आमच्या घराच्या फ्लोअरखालचे आहेत. इंजिनिअर पोटावर सरपटत आत गेला होता, पासष्टीचा माणूस, बाहेर आला तेव्हा कोपरापर्यंत माती आणि तोंडावर असं हसू की मला तेव्हाच कळलं. २०११ च्या फेब्रुवारीतल्या भूकंपात आमच्या अंगणात जमिनीतून राखाडी चिखल वर आला होता ते तुला सांगितलंय, तेव्हा घर एका बाजूला खचलं. इथे तेव्हा घराचे पहिले एक लाख डॉलर ईक्यूसी, म्हणजे सरकारी भूकंप आयोग द्यायचा आणि त्यावरचं आपली खाजगी विमा कंपनी, आमचं नुकसान वर गेलं म्हणून कंपनीने स्वतःचा कॉन्ट्रॅक्टर पाठवून २०१४ मध्ये "रिपेअर" करून दिलं. नवा कार्पेट, नवा रंग, वैशूने पेढे वाटले. आता बघ काय केलं होतं: जॅक लावून घर उचललं आणि खालचे खांब म्हणजे पाईल आणि बीम यांच्या मधल्या फटीत प्लायचे तुकडे कोंबले, गणपतीच्या मांडवाला टेकू देतात तसे. एक पाईल तर बीमला टेकलेलाच नाही, मध्ये बोट जातं. घराभोवतीच्या काँक्रीटच्या पट्ट्याला तडा होता त्यात बाहेरून इपॉक्सी भरून वर रंग मारला, आतून तडा तसाच. लेझर लावला तर किचन आणि मागच्या खोलीत ७१ मिलिमीटरचा फरक निघाला, आणि इथल्या गाइडलाइनमध्ये ५० च्या वर गेलं की लेव्हल करायला लागतं. मागच्या खोलीचं दार लागत नव्हतं ना, त्यावर उपाय काय केला असेल? दाराला खालून रंधा मारला!

आता मनात काय बोलतोयस ते मला ऐकू येतंय. अण्णांच्या घराच्या बीमला हनीकोंब आला होता, काँक्रीटमध्ये पोकळ्या राहिल्या होत्या, आणि तू वरून प्लास्टर ओढून दिलंस, मी ते सुन्याच्या लग्नात चारचौघात काढलं, मग दिवाळीपर्यंत अबोला. मी अजून म्हणतो माझंच बरोबर होतं. पण तू निदान नंतर येऊन फोडून पुन्हा भरून दिलंस, आणि पैसे मागितले नाहीस, हेही मी वैशूला परवा सांगितलं. इथे फोडायला कोणी येत नाही. कंपनी म्हणते कॉन्ट्रॅक्टरला विचारा, कॉन्ट्रॅक्टरची कंपनी कधीच बंद झालीय, आणि ज्याने काम तपासून सही केली तो ऑस्ट्रेलियात.

आणि आम्ही एकटे नाही रे. २०१५ मध्ये सरकारी खात्याने शंभरेक घरं उघडून बघितली तर एक तृतीयांशाच्या आसपास घरांचं स्ट्रक्चरल काम बिल्डिंग कोडमध्ये बसत नव्हतं. तेव्हा पेपरात वाचून मी वैशूला म्हणालो होतो, बिचारे लोक.

आता कंपनीचं पत्र आलंय, बासष्ट हजार डॉलर घ्या आणि "फुल अँड फायनल" वर सही करा, म्हणजे पुढे काही मागायचं नाही. आमच्या इंजिनिअरचा अंदाज दोन लाख चाळीस. अख्ख्या फाउंडेशनचं काम, घर उचलून, जमीन टीसी३ वर्गातली, म्हणजे पुढच्या धक्क्यात परत पातळ होऊ शकणारी. कंपनीचा इंजिनिअर म्हणतो पॅकिंग, म्हणजे ते प्लायचे तुकडे बदला, झालं. दोघांच्या डिग्र्या सारख्या, दोघांनी तेच घर बघितलं!

मी सही करणारच होतो, खरं सांगतो. वैशूही थकलीय. तेवढ्यात याच महिन्यात हायकोर्टाचा निकाल आला. सदर्न रिस्पॉन्स म्हणून सरकारी कंपनी आहे, बुडायला आलेल्या एएमआय विमा कंपनीचे क्लेम निस्तरायला काढलेली. तिने एका नवरा-बायकोच्या घराच्या खर्चाचे दोन हिशोब ठेवले होते. त्यांना दाखवला तो कमी रकमेचा, आर्किटेक्ट-इंजिनिअरची फी, अडीअडचणीची तरतूद असलं सगळं काढून टाकलेला, आणि पूर्ण हिशोब स्वतःच्या फाइलमध्ये. त्यांनी त्या आकड्यावर विश्वास ठेवून सेटलमेंट केली होती. कोर्टाने पावणेदोन लाखांच्या वर द्यायला लावले. सही झालेली असूनसुद्धा! आमची कंपनी वेगळी, पण वाचल्यापासून एकच किडा डोक्यात, आमच्या फाइलमध्ये दुसरा कागद असेल तर?

आणि मला बापू आठवले. पुनर्वसनाच्या घराचा ताबा घेताना सगळा गाव मुकाट सह्या करत होता, किल्लारीनंतर डोक्यावर छप्पर मिळतंय हेच खूप, आणि बापूंनी सहीच्या वर बारीक अक्षरात "छत गळते" लिहिलं, साहेब केवढा चिडला होता. तेव्हा आपण दोघं हसलो होतो. या फॉर्मवर तसं लिहायला जागाच नाही.

जूनपासून इथे भूकंप विम्यासाठी वेगळं ट्रिब्युनल सुरू झालंय, फी नाही, ते स्वतःचा तज्ज्ञ नेमू शकतात. वैशू म्हणते जा. मला भीती ही की त्यांच्या तज्ज्ञानेही पॅकिंगच सांगितलं तर बासष्टही हातचे जातील. म्हणून तुला विचारतोय, तुझं पोट भरतं त्याच कामावर, आणि तुला खोटं गोड बोलता येत नाही हे अख्ख्या लातूरला माहितीय.

पिंकीची अ‍ॅडमिशन झाली का? बोअरला पाणी लागलं का? वहिनींच्या दुकानाचं सांगितलंस ते अर्धंच कळलं, पुन्हा सांग. देसाई सर भेटले तर नमस्कार सांग, हे असलं काही बोलू नकोस.

पुढच्या शुक्रवारपर्यंत कंपनीला उत्तर द्यायचंय. तिसऱ्या फोटोतला डावीकडचा पाईल नीट बघ, तो आधीपासून तिरका होता की जॅकने झाला, तेवढं सांगितलंस तरी पुष्कळ. फोन कर, फक्त तुझ्या रात्री नऊनंतर नको, इथे पहाटेचे साडेतीन असतात आणि वैशू मला नाही, तुला धरेल.

तुझा,
दिल्या