हायब्रिडचा हिशोब, आई-बाबांसाठी

प्रिय आई-बाबा,

काल फोनवर हायब्रिड गाडीचा, म्हणजे पेट्रोल इंजिनाला बॅटरी-मोटरची जोड असलेल्या गाडीचा, विषय अर्धाच राहिला, म्हणजे बाबा तुम्ही "तुला नाही कळत त्यातलं" म्हणून फोन आईच्या हातात देऊन मोकळे झाले, म्हणून आता सगळं लिहूनच पाठवतेय. आई, लांब मेसेज दिसला की बाबा अंगठ्याने भराभर वर सरकवतात, तेव्हा तूच मोठ्याने वाचून दाखव.

गाडी बदलायला माझी ना नाहीच मुळी. वॅगनआर २०११ ची, तिला पंधरा वर्षं होऊन राहिली, आता आरटीओत फिटनेस, परत रजिस्ट्रेशनचे ५,००० रुपये, वरून पर्यावरण कर, आणि पासिंगच्या आधी मेकॅनिक जे काही बिल काढेल ते वेगळंच. शिवाय खरं कारण बाबांचा डावा गुडघा आहे, हे तुम्ही सांगत नाही पण आई सांगते. व्हेरायटी चौकात सिग्नल लागला की क्लच दाबून दाबून तुमचा जीव जातो, म्हणून ऑटोमॅटिक पाहिजे, मान्य. पण त्या शोरूमवाल्या पोट्ट्याने "काका, पेट्रोल शंभरच्या वर गेलंय, आता हायब्रिडच घ्या, पैसे वसूल होतात" असं सांगितलं आणि तुम्ही, ज्यांचा जन्म एस्टिमेट काढण्यात गेला, तुम्ही त्याला एक उलटा प्रश्न नाही विचारला, याचं मला नवल वाटतं बाप्पा.

तुम्ही पाठवलेली दोन्ही कोटेशनं मी नीट बघितली. एकाच मॉडेलची साधी पेट्रोल आणि हायब्रिड, ऑन-रोड फरक ३ लाख ६० हजार. आता ब्रोशरात हायब्रिडचं मायलेज सत्तावीसच्या वर लिहिलंय, पण ते टेस्टमधलं, मे महिन्यात ४५ डिग्रीत एसी फुल करून सीताबर्डीत गाडी हाकलताना कोणाला मिळत नाही, म्हणून मी २३ धरलं आणि साध्या गाडीला १५. पेट्रोल १०४ रुपये धरा. साध्या गाडीला किलोमीटरमागे ६ रुपये ९३ पैसे, हायब्रिडला साडेचार, म्हणजे वाचले २ रुपये ४० पैसे. आता तुमची गाडी वर्षाला चालते किती? भाजी, बँक, डॉक्टर, काकूकडे, लग्नं-बिग्नं, आणि एखादी रामटेकची चक्कर, सगळं धरून सहा हजार किलोमीटर (हे जास्तच धरलंय मी). मग वाचले वर्षाला १४,४०० रुपये. ३ लाख ६० हजार भागिले १४,४००, पंचवीस वर्षं. तुम्ही आता ६७ चे, म्हणजे गाडी वसूल होईल तेव्हा तुम्ही ९२ चे, देवाने शंभर वर्षं आयुष्य द्यावं पण तेव्हा स्टेअरिंगवर मी तुम्हाला बसू नाही देणार. आणि पेट्रोल उद्या १३० झालं तरी वीस वर्षं लागतातच.

याच्या उलट तेच ३ लाख ६० हजार पोस्टात सीनियर सिटिझन स्कीममध्ये टाका, ८.२ टक्के, वर्षाला २९,५२० व्याज, दर तिमाहीला ७,३८० खात्यात. साध्या गाडीचं वर्षभराचं पूर्ण पेट्रोल होतं ४१,६०० चं. म्हणजे त्यातलं सत्तर टक्के पेट्रोल व्याजावरच निघतं, मुद्दल तसंच्या तसं. तेव्हा हायब्रिड आरामासाठी, हौसेसाठी, शांत चालते म्हणून घ्यायची असेल तर बिनधास्त घ्या, पैसे तुमचे आहेत, फक्त "बचत" म्हणून घेऊ नका. दिवसभर शहरात फिरणारा, वर्षाला २५ हजार किलोमीटर चालवणारा माणूस असेल तर त्याचे सहा वर्षांत वसूल होतात, त्याच्यासाठी ती चांगलीच गाडी आहे, तुमच्यासाठी नाही.

अजून एक, डिक्की उघडून बघितली का? त्या मॉडेलची बॅटरी मागे डिक्कीच्या तळाशी आहे, जागा एकदम कमी होते. आई, तुझी कळमन्यातून आणलेली गव्हाची पोती त्यात आडवी पण नाही बसायची.

आता राजकारण, कारण बाबा तुम्ही म्हणाल की सरकार काहीतरी विचार करूनच करतं. करत असेल. पण सरकार एकीकडे म्हणतं पेट्रोल वाचवा, आपण ८५ टक्क्यांच्या वर कच्चं तेल बाहेरून आणतो, आणि दुसरीकडे जी गाडी पेट्रोल वाचवते तिच्यावर ४० टक्के जीएसटी. सप्टेंबर २०२५ मध्ये दर बदलले तेव्हा छोट्या पेट्रोल गाडीला २९ वरून १८ केला, ईव्हीला, म्हणजे पूर्ण बॅटरीवरच्या गाडीला, ५ च ठेवला, आणि मोठ्या इंजिनच्या हायब्रिडला ४३ वरून ४०, म्हणजे फक्त तीन टक्के सूट. आपल्या गडकरी साहेबांनी २०२४ मध्ये सांगितलं होतं की हायब्रिडचा जीएसटी ५ टक्के करा असा प्रस्ताव अर्थ मंत्रालयाकडे गेलाय. नागपूरच्या माणसाचं दिल्लीत ऐकलं नाही, हे मी नाही म्हणत, दर बघून तुम्हीच म्हणा. त्या ४० टक्क्यांच्या वर आपल्या आरटीओचा १२ टक्के टॅक्स. म्हणजे तुम्ही पेट्रोल वाचवायला जे जास्तीचे पैसे देता त्यातला मोठा हिस्सा सरकारलाच जातो, तोही आगाऊ.

आणि पेट्रोलचं काय वेगळं आहे? २०१४ च्या सुरुवातीला केंद्राची एक्साइज, म्हणजे उत्पादन शुल्क, लिटरला ९ रुपये ४८ पैसे होती. मग कच्चं तेल पडत गेलं तसतशी एक्साइज चढत गेली, मे २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्ये तेलाला कुत्रं विचारत नव्हतं तेव्हा, ३२ रुपये ९८ पैसे. नंतर २०२१ आणि २०२२ मध्ये कमी केली, हेही खरं, उगाच फक्त शिव्या नाही देत मी. पण एप्रिल २०२५ मध्ये परत दोन रुपये वाढवली आणि त्याच दिवशी सिलिंडर ५० रुपयांनी महाग, आई तुला आठवत असेल, तू त्या दिवशी फोनवर बाबांनाच सुनावलं होतं. त्यावर राज्याचा व्हॅट २५ टक्के आणि लिटरमागे ५ रुपये १२ पैसे वेगळे, आणि तो व्हॅट एक्साइज धरून लागतो, म्हणजे टॅक्सवर पण टॅक्स. पेट्रोल जीएसटीत आणायची गोष्ट निघाली की केंद्र राज्याकडे बोट दाखवतं आणि राज्य केंद्राकडे, कारण हात दोघांचेही त्याच खिशात आहेत, आपल्या. रस्ते होतात, मेट्रो झाली, मी नाकारत नाही. फक्त तेल स्वस्त झालं की टॅक्स वाढतो आणि महाग झालं की भाव वाढतो, मग सामान्य माणसाने नेमकं कधी खूश व्हायचं?

आता मला काय वाटतं ते. छोटी ऑटोमॅटिक घ्या, १८ टक्क्यांवाली, नवी वॅगनआरच घ्या ना ऑटोमॅटिक, हायब्रिडच्या निम्म्याहून कमी पैशात येते, बाबांचा हात बसलेला आहे, अंगणातून काढता-घालता सोपी. मायलेजही त्या मोठ्या गाडीच्या १५ पेक्षा चांगलंच मिळेल, म्हणजे वरचा हिशोब अजूनच तुमच्या बाजूने. बर्डीवर जायचं असेल तर सुभाष नगरहून मेट्रो, पार्किंगचा त्रास नाही. पुण्याला माझ्याकडे यायला अजनीहून वंदे भारत आहे, "लेकीकडे जायला मोठी गाडी पाहिजे" हे कारण आता चालणार नाही. सीएनजीचं डोक्यात आणू नका, २०२२ मध्ये नागपुरात १२० रुपये किलो झाला होता तेव्हा शेजारच्या काकांचं तोंड आठवा. ईव्हीचा विचार मात्र करा, तुमच्याकडे स्वतःचं अंगण आहे, रात्री लावून ठेवली की झालं, पण बाबांना नवीन काही शिकायचा कंटाळा असेल तर राहू द्या.

आरसीचा आणि इन्शुरन्सचा फोटो मला पाठवा, जुन्या गाडीची एक्स्चेंज किंमत मी दोन-तीन ठिकाणी विचारते, शोरूमने सांगितलेला आकडा मला कमी वाटतोय. आणि बाबा, टोकन दिलं असेल तर लपवू नका, पावतीच्या मागे बारीक अक्षरात परतीची अट असते, तिचाही फोटो काढून पाठवा.

तुमची
मनू