पवित्र आत्मा ‘तो’ की ‘ती’?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीतला नाझोरी लोकांवरचा लेख वाचला, चांगला होता, पण पवित्र आत्म्याला दोन ओळींत गुंडाळलंय आणि तेही ‘तो’ म्हणून, खरी गंमत तिथेच निसटली म्हणून लिहितोय.

हे नाझोरी म्हणजे येशूला मसीहा मानणारे पण सुंता, शब्बाथ, मोशेचं नियमशास्त्र काहीच न सोडलेले ज्यू. चौथ्या शतकात त्यांची वस्ती सिरियात बेरोया म्हणजे आजच्या अलेप्पोकडे होती. ते जे हिब्रू शुभवर्तमान वाचायचे त्यातलं एक वाक्य जेरोम या जुन्या ख्रिस्ती पंडिताने टिपून ठेवलंय, येशू म्हणतो की माझ्या आईने, पवित्र आत्म्याने, मला उचलून नेलं. ओरिजेन या दुसऱ्या ख्रिस्ती पंडिताने तर ते त्याच्याही आधी दिलंय, त्यात आई त्याला एका केसाला धरून ताबोर डोंगरावर नेते. एका केसाला!! वाचून कुणी बिचकू नये म्हणून जेरोम समजावतो की आत्मा हा शब्द हिब्रूत (रूआह) स्त्रीलिंगी, लॅटिनमध्ये पुल्लिंगी, ग्रीकमध्ये नपुंसकलिंगी, देवाला कसलं लिंग. आम्ही वसईत लहानपणापासून ‘पवित्र आत्म्याच्या नावाने’ म्हणत क्रूसाची खूण करतोय, पण आत्मा आई असेल हे कधी डोक्यातही आलं नाही, मराठीत शब्दच पुल्लिंगी ना.

आणि हे एकटे नाझोरीच नाहीत. अशाच ज्यू-ख्रिस्ती वळणाच्या एल्खसाईच्या पंथात देवाचा पुत्र म्हणजे ९६ मैल उंच, साधारण १४० किलोमीटर, आणि त्याच्यासोबत तेवढीच अवाढव्य एक बाई, ती पवित्र आत्मा.

दुसरं, लेखात इराकच्या मँडियन लोकांना नाझोरींच्या माळेत ओवलंय ते पटलं नाही. त्यांचे जाणते लोक स्वतःला नासोराई म्हणवतात म्हणून घोळ होतो हे मान्य, पण त्यांचा देव हय्यी रब्बी, म्हणजे महान जीवन, त्याच्या प्रकाशलोकात उथ्रा नावाचे तेजस्वी जीव, बाप्तिस्मा वाहत्या पाण्यातच, बाप्तिस्मा देणारा योहान मोठा आणि येशू चक्क खोटा संदेष्टा. आणि रूहा, म्हणजे आत्मा? हिब्रूतला रूआह तोच शब्द, तीच ‘पवित्र’ पदवीसुद्धा, पण इथे ती सात ग्रह आणि बारा राशींची आई, माणसाला या जगात अडकवून ठेवणारी. अगदी काळीकुट्ट पण नाही हां, प्रकाशलोकाची ओढ तिलाही आहे. एकाकडे जी आई तीच दुसऱ्याकडे खलनायिका, मग दोघांचा एकच पंथ कसा म्हणायचा?

पुढचा भाग येणार असेल तर एपिफानियसवर, म्हणजे नाझोरींवर टीका लिहिणाऱ्या त्या जुन्या बिशपवर, जरा कमी विसंबावं ही विनंती, येशूला नाझोरी निव्वळ माणूस मानायचे की काय ते मला सांगता येत नाही असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय.

– एक वाचक, वसई